अमूर्त तैलचित्र घ्यावं का? आधी ते मागून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या एका प्रदर्शनात तुम्हाला 36 बाय 48 इंचांचं एक अमूर्त तैलचित्र मनापासून आवडलं. चित्रकार चाळिशीतले, मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. किंमत 1 लाख 60 हजार. घर पुण्यात, तिसरा मजला, एक भिंत पावसाच्या बाजूची. सासरे म्हणतात, "यात आहे काय? हे तर आपला नातूही काढेल." आणि तुम्हाला चार गोष्टी हव्या आहेत: चित्र चांगलं आहे हे कसं ओळखायचं, किंमत बरोबर आहे का, ते आपल्या हवेत टिकेल का, आणि पुढे त्याचे पैसे वाढतील का.

मी शिकलो चित्रकला, पण गेली 26 वर्षं काम करतोय ते खराब झालेली चित्रं दुरुस्त करण्याचं. त्यामुळे माझं उत्तर गॅलरीवाल्यापेक्षा थोडं वेगळं येईल. गॅलरीत लोक चित्र समोरून बघतात. माझ्याकडे चित्र येतं तेव्हा मी ते आधी टेबलावर पालथं घालतो. तुम्हीही घ्यायच्या आधी ते भिंतीवरून उतरवून मागून बघा. या एका गोष्टीने तुमचे अर्धे प्रश्न सुटतील, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

चित्र उतरवायला सांगताना संकोच करू नका. दीड लाखाची वस्तू घेणाऱ्याने एवढं विचारलं तर कुठलाही सरळ चित्रकार आनंदाने दाखवतो. मागे पहिल्यांदा दिसते ती लाकडाची चौकट. चौकटीच्या आतल्या चारही कोपऱ्यांत लहान लाकडी पाचरी आहेत का बघा. पाचरी असल्या तर पुढे कॅनव्हास सैल पडल्यावर त्या हलकेच ठोकून तो पुन्हा ताणता येतो. आपल्याकडे बहुतेक चौकटी खिळे ठोकून पक्क्या केलेल्या असतात, त्यांना ही सोय नसते. म्हणून चित्र वाईट ठरत नाही, पण 4 फुटांच्या चित्राला मधे एक आडवी पट्टी तरी हवीच. नसेल तर दोन पावसाळ्यांत चौकट पिळते आणि चित्राचा एक कोपरा भिंतीपासून बोटभर पुढे येतो. लाकडाच्या कडेवरून हात फिरवा. आतली कड गोलसर घासलेली असायला हवी. धारदार राहिली असेल तर काही वर्षांत तिची रेघ कॅनव्हासवर पुढच्या बाजूने उमटते आणि नेमकी त्याच रेघेवर रंगाला तडा जातो. लाकडात बारीक भोकं आणि खाली पिवळट भुसा दिसला तर कीड आहे, ते चित्र तसंच घरी आणायचं नाही.

मग कापड. सुती आहे की लिनन हे सुताच्या गाठींवरून थोड्या सरावाने कळतं, पण तुम्ही सरळ विचारा. सुती असलं तरी चालेल, आपल्याकडचं बहुतेक काम सुतीवरच होतं. महत्त्वाचं हे की मागच्या बाजूला तेलाचे पिवळट-तपकिरी डाग उतरलेत का. उतरले असतील तर खालचा प्राइमर, म्हणजे रंगाआधी कापडाला द्यायचा अस्तराचा थर, नीट लावलेला नाही आणि तेल थेट कापडात गेलंय. तेलरंगातलं जवसाचं तेल कापड खातं. तीस वर्षांनी असं कापड बोटांनी दाबलं तर पापडासारखं मोडतं, हे मी हातात धरून पाहिलंय.

शेवटी मागचा मजकूर. चित्रकाराची सही, वर्ष, आकार, माध्यम. पुढे सही नसली तरी घाबरू नका, अनेक अमूर्त चित्रकार पुढे सही करत नाहीत, कारण कोपऱ्यातली चार अक्षरंही त्या रचनेत एक आकार बनतात. पण मागे ती हवीच.

आता पुढे या. मोबाइलचा टॉर्च लावा आणि चित्रावर समोरून न मारता भिंतीला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारा. अर्थात विचारून. प्रकाश असा तिरका पडला की रंगाचे उंचवटे, नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पात्याने, ओढलेले पट्टे, रोलरचा पोत, सगळं डोंगररांगेसारखं उभं राहतं. तडे असले तर तेही दिसतात. नव्या चित्रात तडे दिसले, तर ते बहुतेक वेळा घाईचे असतात. तेलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, तो हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतो. त्याला वेळ लागतो आणि प्रत्येक रंगाचा वेळ निराळा. अंबर हा मातकट तपकिरी लवकर सुकतो, काळा आणि अलिझरिन क्रिम्झन हा गडद लाल रेंगाळतात. खाली रेंगाळणारा जाड थर आणि वर लवकर सुकणारा पातळ थर दिला की वरचा सुकून आखडतो, खालचा अजून हलत असतो, आणि वरचा फाटतो. म्हणून जुने शिक्षक शिकवायचे की खालचे थर कमी तेलाचे ठेवा, वर जाल तसं तेल वाढवा. अमूर्त चित्रात हा नियम पाळणं जास्त कठीण असतं, कारण चित्रकाराला पुढचा थर कुठला हे आधी माहीत नसतं. तो शोधत शोधत जातो. ज्याला साहित्याची जाण आहे तो शोधतानाही हे भान सोडत नाही.

चित्रकाराला दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, यात ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, वापरलंय का, आणि वापरलं असेल तर ते तेलाच्या खाली की वर? खाली ॲक्रिलिक, वर तेल हे चालतं. तेलावर ॲक्रिलिक नाही चालत, ते पुढे पापुद्र्यासारखं सुटतं. दुसरा, पांढरा कुठला वापरला? टायटॅनियम असेल तर ठीक. नुसता झिंक व्हाइट जाड थरात असेल तर सावध व्हा. झिंक वर्षांगणिक ठिसूळ होत जातो आणि त्याच्यावरचे थर घेऊन निघतो. माझ्या टेबलावर सध्या असंच एक चित्र पडलंय, फिकट राखाडी रंगाचं, जेमतेम पंधरा वर्षांचं. नखाएवढे तुकडे सुटलेत. एकेक तुकडा ब्रशच्या टोकाने उचलायचा, खाली चिकट द्रावण सोडायचं, गरम चमच्यासारख्या हत्याराने दाबायचा. तळहाताएवढ्या भागाला एक दिवस जातो. चित्रकाराने तेव्हा वेगळी ट्यूब उचलली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

हे सगळं टिकाऊपणाचं झालं. आता ते चांगलं आहे का, हा खरा प्रश्न.

सासऱ्यांचं वाक्य मी मनापासून घेतो, कारण ते आडमुठेपणाने विचारत नाहीत, त्यांना खरंच दिसत नाहीये. त्यांना विचारा, घरात लग्नाचा बस्ता बांधताना त्यांनी कधी साडीला "यात आहे काय" असं विचारलं होतं का? मोरपंखी अंगाला डाळिंबी काठ शोभतो आणि दुसरा एखादा ओरडतो, हे त्यांना कुणी न शिकवता कळतं. रंगाशेजारी रंग ठेवला की काय होतं, एवढा एकच धागा धरून अमूर्त चित्रासमोर उभं राहायचं. कशाचं चित्र आहे हे शोधायला गेलं की ढग, घोडा, म्हातारीचा चेहरा असं काहीबाही दिसू लागतं आणि खरं चित्र हातातून निसटतं.

नातवाबद्दल म्हणाल तर लहान मुलं सुरेख रंगवतात, अगदी मोठ्यांना हेवा वाटावा असं. पण मुलाला कागद पुढे केला की ते थांबेल तिथे थांबतं, आणि बहुतेक वेळा आई कागद काढून घेते म्हणून चित्र चांगलं राहतं. कुठे थांबायचं हे ठरवणं, बिघडलेला भाग ओळखून तो खरवडून पुन्हा उभा करणं, आणि हेच वीस चित्रांत वीस वेगळ्या तऱ्हांनी जमवणं, हे मोठ्या माणसाचं काम आहे.

मी स्वतः असं बघतो. आधी बारा-पंधरा फुटांवरून, मग हाताच्या अंतरावरून. दुरून जे एकसंध दिसतं ते जवळ गेल्यावर उघडतं का? करड्या पट्ट्याच्या कडेला खालचा गेरू रंग श्वास घेतल्यासारखा डोकावतोय का, की सगळीकडे एकाच जाडीचा सपाट थर आहे? मग चारही कोपरे बघतो. कच्चा चित्रकार मधोमध सगळा जीव ओततो आणि कोपरे भरून टाकतो. पक्क्याचा कोपराही मधल्या भागाशी बोलत असतो. मग मोबाइलवर त्या चित्राचा फोटो घेऊन उलटा करून बघतो. उलटं केल्यावर काहीच बिघडलं नाही, तर वजन कुठे आहे, खाली काय स्थिरावलंय, वर काय तरंगतंय याचा विचार झालेला नाही असं मला वाटतं. हा काही शास्त्रातला नियम नाही, माझी सवय आहे. पण तिने मला क्वचितच फसवलंय.

आणि वेळ द्या. एका चित्रापुढे वीस मिनिटं उभं राहून बघा. पहिल्या पाच मिनिटांत डोळा थकतो, नंतर तो निवतो आणि मागे राहिलेले रंग पुढे येऊ लागतात. गडद चित्रांत तर हे फारच जाणवतं. मुंबईच्या जहांगीर कलादालनातली प्रदर्शनं आठवडाभराची असतात, मंगळवारी सुरू होतात आणि सोमवारी उतरतात. म्हणजे दोनदा जायला वेळ मिळतो. दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जा. पहिल्या दिवशी आवडलेलं चित्र दुसऱ्या दिवशीही पाय धरून ठेवतं का, हे मला कुठल्याही समीक्षकाच्या मतापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम बजावून सांगतो, कारण चित्रकार जे. जे.चे आहेत आणि शैली अमूर्त आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची सावली या क्षेत्रावर फार मोठी आहे. 1924 साली नागपुरात जन्म, 1948 साली जे. जे.ची पदविका, पुढे दिल्लीत निजामुद्दीनला एकट्याने राहून काम. ते स्वतःच्या चित्रांना अमूर्तसुद्धा म्हणू देत नसत, वेगळा शब्द वापरायचे, कशाचाही आधार न घेता उभं राहिलेलं चित्र अशा अर्थाचा. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच चित्रं करायचे. रोलर आणि नाइफने रंग पसरवायचे, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे आणि खालचा प्रकाश वर येऊ द्यायचे. बघताना वाटतं की पाण्याखालून ऊन दिसतंय. आता मुंबई-पुण्यातल्या प्रदर्शनांत दर दोन-तीन महिन्यांनी मला तेच चित्र दिसतं: उभट कॅनव्हास, एकाच रंगाचा उजेड, मधे तरंगणाऱ्या खुणा. हात तयार असतो, कामही स्वच्छ असतं, पण प्रश्न गायतोंड्यांचा असतो आणि उत्तरही त्यांचंच. प्रभाकर बरवे, प्रभाकर कोलते या चित्रकारांच्या बाबतीतही हे होतं. कोलते सरांनी जे. जे.मध्ये अनेक वर्षं शिकवलं, त्यामुळे त्यांच्या भरलेल्या पृष्ठभागाचे आणि मधे उघड्या ठेवलेल्या चौकोनांचे पडसाद विद्यार्थ्यांत येणं साहजिक आहे. शिकताना असं व्हायलाच हवं. पण चाळिशीतल्या चित्रकाराकडे स्वतःचं काही उभं राहिलेलं असावं, अशी अपेक्षा मी ठेवतो. म्हणून त्यांची दहा वर्षांपूर्वीची, पाच वर्षांपूर्वीची आणि आताची चित्रं मागून घ्या. फोटो चालतील. ओळीत लावून बघा. एखादी गोष्ट हळूहळू सुटत गेलीय, एखादी धरून ठेवलीय असं दिसलं तर माणूस स्वतःच्या वाटेवर आहे. दरवर्षी चित्र नव्या फॅशनसारखं बदललेलं असेल, किंवा दहा वर्षं तसूभरही हललेलं नसेल, तर मी थोडा थांबेन.

आता किंमत. आपल्याकडे बहुतेक चित्रकार आणि गॅलऱ्या आकारावर भाव बांधतात, तुम्हाला ते व्यवहारी वाटेल, पण तसंच आहे. 36 गुणिले 48 म्हणजे 1728 चौरस इंच. 1 लाख 60 हजारांना भागलं की चौरस इंचाला साधारण 93 रुपये पडतात. त्याच प्रदर्शनातल्या दुसऱ्या चित्रांना हाच हिशेब लावून बघा. लहान चित्राचा इंचाचा भाव थोडा जास्त असतो, ते ठीक आहे. 18 बाय 24चं चित्र 50 हजारांना असेल तर इंचाला 116 पडले, यात वावगं काही नाही. पण सारख्याच आकाराच्या, सारख्याच वर्षाच्या दोन चित्रांत दुप्पट फरक असेल तर कारण विचारा. तीन-चार वर्षांपूर्वी याच चित्रकाराचा भाव काय होता तेही विचारा. दर दोन-तीन वर्षांनी थोडा थोडा वाढत आलेला भाव मला विश्वासाचा वाटतो. एका वर्षात तिप्पट झालेला नाही वाटत.

चित्रकाराने स्वतः दालन भाड्याने घेतलं असेल तर पैसे थेट त्यांना जातात. खासगी गॅलरीत तिचा वाटा तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असतो, आणि त्यात ती छपाई, दिवे, जाहिरात, विक्रीनंतरची जबाबदारी सांभाळते. अशा वेळी गॅलरीत चित्र बघून मागच्या दाराने चित्रकाराला फोन करायचा आणि स्वस्तात मागायचं, हे करू नका. त्या चित्रकाराचं पुढचं प्रदर्शन त्यामुळे अडतं. थेट चित्रकाराकडून घेत असाल तर हप्त्यांत देऊ का असं विचारायला काहीच हरकत नाही, खूप जण तयार होतात. थोडी सवलत मागा, मिळेलही. पण "अर्ध्यात द्या" म्हणू नका. एका मोठ्या कॅनव्हासमागे चांगल्या रंगांच्या ट्यूबाच कितीतरी लागतात, आणि तीन-तीन महिने एक चित्र अडून बसतं तेव्हा घर चालवायचं असतंच.

किमतीत कर धरलाय की वर आहे, हे स्पष्ट करून घ्या. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या दराने कुणी हिशेब सांगत असेल तर लक्षात आणून द्या. पैसे बँकेतूनच द्या आणि बिल घ्या. सोबत चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र, त्यावर चित्राचा फोटो, नाव, वर्ष, माध्यम, आकार. चित्राच्या मागच्या बाजूचाही एक फोटो काढून त्याच फाइलमध्ये ठेवा. वीस वर्षांनी हे चित्र खरं की खोटं असा प्रश्न निघाला, तर समोरच्या फोटोपेक्षा मागचा फोटो जास्त कामाला येतो. समोरची बाजू नक्कल करणारे करतात, पण मागच्या लाकडातली गाठ आणि पिनांची रांग कुणी नकलत बसत नाही.

एक कायद्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचं कॉपीराइट तुमचं होत नाही. 1957च्या कायद्याप्रमाणे ते चित्रकाराकडेच राहतं, लेखी करून दिलं असेल तरच वेगळं. तुमचे यजमान त्यांच्या कंपनीच्या कॅलेंडरवर ते छापणार असतील तर परवानगी लागेल. आणि चित्र तुमच्या मालकीचं असलं तरी चित्रकाराची मानहानी होईल अशा तऱ्हेने ते कापणं, बदलणं हेही करता येत नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवून खराब केलं, तेव्हा 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. सोफ्याच्या मापात बसत नाही म्हणून कॅनव्हासची एक बाजू दुमडून घेतलेलं चित्र मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

पैसे वाढतील का? यावर माझं मत ठाम आहे. पैसे वाढावेत म्हणून हे चित्र घेऊ नका. लोक गायतोंड्यांचं उदाहरण देतात. 2013 साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं 1979चं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. 2001 साली ते गेले, त्यांच्या हयातीत असला आकडा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. त्यांच्या पिढीत, त्यांच्यासारखीच निष्ठा ठेवून काम केलेले पण आज लिलावात ज्यांचं नावही येत नाही असे चित्रकार कितीतरी आहेत, त्यांची चित्रं माझ्याकडे दुरुस्तीला येतात तेव्हा जीव हळहळतो. चित्र हातात घेऊन उद्या विकायला निघालात तर सोन्यासारखा दुकानात भाव मिळत नाही. गिऱ्हाईक शोधावं लागतं, मधल्याचा वाटा जातो, आणि वर नफ्यावर कर आहे. 2007 पासून चित्रं घरगुती वापराच्या वस्तूंत धरली जात नाहीत, 24 महिन्यांनंतर विकलं तर सध्या साडेबारा टक्के भांडवली नफ्याचा कर लागतो. म्हणून मी एवढंच विचारतो: हे 1 लाख 60 हजार परत आले नाहीत तरी घराच्या भिंतीवर हे चित्र रोज बघायला तुम्हाला हवंय का? याचं उत्तर हो असेल आणि मागची बाजू बिनचूक निघाली तर घ्या.

राहिला आपला पाऊस. जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते आणि 65-70च्या पुढे बुरशी धरतेच. पावसाच्या बाजूची भिंत चित्राला पूर्ण वर्ज्य, बाहेरून रंग कितीही चांगला लावलेला असो. आतली भिंत निवडा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्राच्या मधे बोटभर हवा खेळती राहील. तैलचित्राला काच लावू नका, त्याला हवा हवी असते. स्वयंपाकघराच्या दारासमोर नको, फोडणीचा तेलकट धूर वर्षभरात चित्रावर बसतो. देवघराच्या शेजारीही नको, उदबत्तीची काजळी पिवळी छटा आणते आणि ती काढताना मला अत्तराच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं, इतकी ती रंगात मुरलेली असते. पांढरी बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसायची नाही. एका घरातून माझ्याकडे आलेलं चित्र मोलकरणीने दिवाळीच्या साफसफाईत साबणाच्या पाण्याने पुसलं होतं, तिची काहीच चूक नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खालच्या एक तृतीयांश भागातला निळा थर फडक्याबरोबर निघून गेला होता. धूळ असेल तर मऊ, कोरडा, रुंद ब्रश, वरून खाली, बस. आणि पावसाळ्यात चित्र जपायचं म्हणून चादरीत गुंडाळून कपाटात ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि बंद कपाटात बुरशीला आयतं घर मिळतं. भिंतीवर, पंख्याच्या वाऱ्यात, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात ते सर्वांत सुखरूप असतं.

मुंबईहून पुण्याला आणण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्याकडे येणारी निम्मी नवी चित्रं याच टप्प्यावर बिघडलेली असतात. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने नवंकोरं तैलचित्र टेंपोने मागवलं. महिना मे. वाहतूकवाल्याने ते बबल रॅपमध्ये गुंडाळलं, फुगे आतल्या बाजूला. वरून रंग सुकलेला दिसत होता, आतून मऊ होता. घाटात ऊन लागलं. घरी उघडलं तेव्हा संपूर्ण चित्रावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, रुपयापेक्षा लहान गोल गोल ठसे उमटले होते, कॅरमच्या सोंगट्या मांडून ठेवल्यासारखे. ते मी काढू शकलो नाही. कुणीच काढू शकत नाही, कारण तो ठसा म्हणजे चित्रकाराचाच रंग होता, हललेला.

म्हणून चित्रकाराला शेवटचा थर कधी दिला ते विचारा. नाइफने जाड लावलेला रंग हाताला कोरडा लागला तरी आतून महिनोन्महिने ओला राहतो. सहा महिने झाले नसतील तर चित्राच्या पृष्ठभागाला काहीही टेकता कामा नये. चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे उंच कोपरे लावायचे, त्यांच्यावरून बाहेरून प्लास्टिक ताणायचं, आणि चित्र गाडीत उभंच ठेवायचं. व्हार्निशही आता मागू नका. मी तरुणपणी एका चित्रावर चौथ्या महिन्यात व्हार्निश मारलं होतं. पुढच्या वर्षी त्या व्हार्निशला कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडल्या आणि तो खालच्या रंगात असा बसला होता की वेगळा करता आला नाही. त्या चित्रकाराची मी घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून जाड रंगाला एक वर्ष झाल्याशिवाय मी हात लावत नाही.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटीमीटरवर ठेवा. आपल्याकडे लोक देवाच्या तसबिरीसारखं फार वर टांगतात आणि मग मान वर करून बघायचा कंटाळा येतो. दोन खिळ्यांवर टांगा, एका नाही.

रविवारी पुन्हा जाणार आहात म्हणता, तर सासऱ्यांनाही घेऊन जा, आणि त्यांना तुमच्या चित्रापुढे नेऊन उभं करू नका. त्यांना एकटं फिरू द्या. ते कुठल्या चित्रापाशी रेंगाळतात ते लांबून बघा. मग तुमचं चित्र उतरवून घ्या, मागून बघा, टॉर्च मारा, ट्यूबांबद्दल विचारा. सगळं मनासारखं निघालं आणि रंग ओला असेल तर अर्धे पैसे देऊन पावती घ्या आणि चित्र त्यांच्याच स्टुडिओत राहू द्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की घेऊन या.